तांबीसाठी शब्द टाक

अगं बयो, काल रात्री तुझा फोन ठेवला आणि माझा डोळा लागेना. तांबीच्या स्तनातल्या गाठीचं सांगत होतीस, पण आवाज असा, की घरातल्या कुणाच्या कानावर जाऊ नये. सासूबाई आत झोपलेल्या, जावईबापू दिवसभर चाळीतला कांदा निवडून दमलेले, आणि तू ओट्यावर अंधारात बसून मला सांगतेस, "ताई, बुधवारची तारीख मिळालीय. नाशिकला न्यायचंय. कुणाला त्रास नको, मी माझं माझं बघेन." गाठीपेक्षा मला त्या "माझं माझं बघेन"ची काळजी जास्त वाटली. म्हणून सकाळची कामं उरकून लिहायला बसले. फोनवर सांगितलेलं अर्धं तू विसरतेस. हे जपून ठेव आणि दोनदा वाच.

तू का गप्प आहेस ते मला कळतं. आपल्याकडे माणसाचं ऑपरेशन असलं की गाडी, पैसा, डबा सगळं न मागता दारात येतं. कुत्रीचं म्हटलं की कुणीतरी बोलणारच, "काय वं माय, कुत्रीसाठे इतला पैसा?" ते ऐकायला लागू नये म्हणून तू तोंड मिटून घेतलंस. पण तांबी सहा वर्षं तुमच्या डाळिंबाच्या मळ्यात राखणीला आहे. रात्रीची लाइट आली की जावईबापू पाणी धरायला जातात, तेव्हा पुढे ती चालते. बांधावर काही सळसळलं तर आधी ती थांबते, मग ते थांबतात. आज तिच्यावर वेळ आली, तर तिला कुणाच्या दारात जाऊन बोलता येत नाही. तिच्या वाटचं बोलणं तुला करायचंय. शब्द टाकायला कमीपणा वाटला की एवढंच मनात आण, की तोंड तुझं असलं तरी मागणं तिचं आहे.

मोती आठवतो ना तुला? त्याच्या पायाच्या हाडाचं ऑपरेशन होतं, तेव्हा मी अगदी तुझ्यासारखंच केलं होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं, रात्री नऊनंतर पोटात अन्नाचा कण नको. मी घरातलं सगळं झाकून ठेवलं, आणि शेजारीपाजारी मात्र कुणाला काही बोलले नाही. पहाटे खालच्या मजल्यावरच्या आजी नेहमीसारख्या उठल्या आणि दुधात कुस्करलेली पोळी त्याच्यापुढे ठेवली. मला पत्ताच नाही. भूल दिल्यावर मोतीला उलटी झाली आणि त्यातलं थोडं श्वासावाटे फुप्फुसात गेलं. डॉक्टरांनी धावपळ करून त्याला वाचवलं, पण न्यूमोनिया झाला. पुढचे पंधरा दिवस मी रात्र रात्र बसून त्याचे श्वास मोजले. आजी रोज वर यायच्या, दारात उभ्या राहून डोळे पुसायच्या. त्यांची काय चूक होती? त्यांनी मायेनं दिलं. "आजी, उद्या मोतीला काही देऊ नका," एवढं एक वाक्य सांगायचा मला संकोच वाटला होता. त्या संकोचाची किंमत मोतीनं मोजली.

म्हणून तू आज पहिलं काम काय कर, तर भिंतीवरच्या कालनिर्णयचं उलटून गेलेल्या महिन्याचं पान काढ आणि त्याच्या पाठीमागे नावं लिही. एका बाजूला काम, दुसऱ्या बाजूला ते कोण करणार. सगळ्या ओळींपुढे तुझंच नाव आलं, तर तयारी झालेली नाही असं समज.

पहिली ओळ डॉक्टरांची. त्यांच्याकडेही शब्दच टाकायचा असतो, आणि तिथे आपण सगळ्यात जास्त बिचकतो. गाठ कधी दिसली, किती वाढली, तांबी शेवटची माजावर कधी आली होती, पिल्लं कितीदा झाली, पूर्वी गोचीड ताप येऊन गेलाय का, लसी कुठल्या झाल्यात, सध्या कुठलं औषध चालू आहे, हे सगळं कागदावर लिहून ने. लसीचं पुस्तक बरोबर घे. वजन आधीच करून ठेव, कारण भुलेची बहुतेक औषधं किलोच्या हिशेबानं ठरतात. कांद्याच्या वजनकाट्यावर तांबी उभी राहणार नाही. जावईबापूंना तिला उचलून काट्यावर उभं राहू दे, मग त्यांचं एकट्याचं वजन वजा कर. दवाखान्यात पुन्हा करतीलच, पण आपल्याला अंदाज असलेला बरा.

रक्ताची तपासणी सांगितली तर "कशाला खर्च" म्हणू नकोस. रक्त किती आहे, यकृत आणि मूत्रपिंड भुलेचा भार सोसतील का, हे त्यातून कळतं. आणि आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाच्या त्या प्लेटलेट. मळ्यातल्या कुत्र्याच्या अंगावर गोचिड्या असतातच, आणि गोचीड तापात प्लेटलेट गुपचूप उतरतात. वरून कुत्रं धडधाकट दिसतं, आणि टेबलावर घेतल्यावर रक्त थांबता थांबत नाही. तसं काही निघालं तर डॉक्टर आधी तीन-चार आठवडे औषध देतील आणि तारीख पुढे नेतील. हिरमुसू नकोस, ते तिच्या भल्याचंच असतं. छातीचा एक्स-रे सांगतील, तोही कर. स्तनातल्या साधारण निम्म्या गाठी कर्करोगाच्या निघतात, आणि तो पसरला तर बहुतेकदा फुप्फुसात जातो. चिरफाड करण्याआधी ते बघून घेतलेलं बरं. काढलेली गाठ तपासायला पाठवणार का, आणि त्याच वेळी गर्भाशयही काढायचं का, हेही विचार. नसबंदी न झालेल्या कुत्रीचं वय वाढलं की तिच्या गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, आणि तो जिवावर बेततो. एकाच भुलेत दोन्ही होत असेल तर बरं, पण ते डॉक्टरांनी तिची तब्येत बघून ठरवायचं.

आणि तू रडत म्हणालीस ना, "मला आधी कशी दिसली नाही गं," तर ते आता सोडून दे. आधी ती हरभऱ्याएवढी असणार, केसाआड कुणाला दिसते? इथून पुढे मात्र महिन्यातून एकदा तिला कुशीवर झोपवून पोट चाचपायचं. कुत्रीला स्तनांच्या साधारण पाच जोड्या असतात, पुढच्या पायांच्या मधून थेट मांडीपर्यंत. आपण डाळ निवडताना बोटांच्या टोकांनी खडा हुडकतो ना, तसं दोन बोटांनी हलकेच एकेक जागा बघायची. हरभरा लागला की त्याच आठवड्यात डॉक्टर. लिंबाएवढं व्हायची वाट बघायची नाही, आणि चुना, हळद, कसला पाला असलं काहीही वर थापायचं नाही.

दुसरी ओळ सासूबाईंची. होय, त्यांचीच. तू त्यांना चुकवून सगळं करायला बघतेस, पण घरातलं ताट-वाटी त्यांच्या हातात आहे. तांबीला उरलेली भाकरी आणि रस्सा त्याच घालतात. त्यांच्याजवळ बस आणि सरळ सांग, "आई, तांबीचं ऑपरेशन आहे, मला तुमची मदत लागणार आहे." माझा अनुभव सांगते, न विचारता केलं की मोठी माणसं आडवी येतात, आणि विचारलं की तीच पदर खोचून उभी राहतात. घरात गाय अडली की रात्रभर गोठ्यात बसणारी बाई आहे ती. तिला मुक्या जिवाचं दुखणं तू समजावून सांगायची गरज नाही. फक्त तिला बाहेर ठेवू नकोस.

आणि त्यांना दोन गोष्टी नीट समजावून दे, कारण या दोन्ही आपल्याच जिल्ह्याच्या मातीतल्या आहेत. पहिला कांदा. तुमच्या नामपूरच्या घरात कांद्याशिवाय रस्सा होत नाही, आणि तोच रस्सा भाकरीवर पडून कुत्र्याच्या पुढ्यात जातो. कांदा कुत्र्याला विष आहे, बयो. कच्चा असो, शिजवलेला असो, वाळवलेला असो. त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लगेच काही दिसत नाही. तीन-चार दिवसांनी हिरड्या फिकट पडतात, कुत्रं गळून जातं, कधी लघवी तांबूस होते. घासभर रश्श्यानं ती मरेल असं मी म्हणत नाही, इतकी वर्षं खातच आलीय. पण ऑपरेशनला जाताना तिच्या अंगात रक्ताचा थेंब न थेंब हवा. लसणाचंही तसंच. दुसरी द्राक्षं आणि मनुके. शेजारच्या तालुक्यातून पाहुणे पेटी आणतात, आणि पोरं हौसेनं कुत्र्यापुढे घड टाकतात. द्राक्षानं कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात, आणि किती खाल्लं तर चालेल याचं काही मापही नाही. आजपासून तिला साधा भात, दही, उकडलेलं अंडं, हळद-मीठ-कांदा न घातलेली कोंबडी, एवढंच.

तिसरी ओळ गल्लीची, आणि इथे मला आजी आठवतात. तांबी एका दारची नाही. तुझ्याकडे जेवते, समोरच्या काकूंकडे सकाळी चतकोर भाकरी, किराणा दुकानासमोर बिस्किट, शाळा सुटली की पोरांच्या डब्यातलं. मंगळवारी संध्याकाळी तू दारोदार जा. हळदीकुंकवाला बोलवायला जातेस ना, तशीच. "उद्या तांबीचं ऑपरेशन आहे. आज रात्रीपासून तिला कुणी काही घालू नका. भूल दिल्यावर उलटी झाली तर ती श्वासात जाते." कारण सांग. नुसतं "देऊ नका" म्हटलं की लोकांना वाटतं, बिचारी उपाशी राहील, एक घास दिला तर काय होतंय. कारण कळलं की तीच माणसं दुसऱ्याचा हात धरतात. तिच्या गळ्यात लाल फडकं बांध आणि सगळ्यांना सांगून ठेव, फडकं दिसलं की घास नाही. रात्री तिला मोकळी सोडू नकोस. खोलीत बांध, कारण उकिरडा कुणाचं ऐकत नाही. किती तास उपाशी ठेवायचं आणि पाणी कधी बंद करायचं, ते डॉक्टर वय बघून सांगतील. बहुतेक मोठ्या कुत्र्यांना आदल्या रात्री हलकं जेवण देऊन मग अन्न बंद करतात आणि पाणी सकाळपर्यंत चालू ठेवतात. पण तुझ्या डॉक्टरांनी जे सांगितलंय तेच खरं. ते आजच फोन करून पक्कं विचार.

चौथी ओळ पोरांची. गल्लीतली चार पोरं गोळा कर आणि त्यांना पहाऱ्यावर लाव. "तांबीला कोण काय घालतं ते बघायचं," एवढं म्हटलं की बघ, लिलावातल्या वाहनांची नोंद ठेवावी तशी ती नोंद ठेवतील. आणखी एक मोठं काम पोरं छान करतात. ऑपरेशननंतर टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर घालावी लागते. पहिल्यांदा ती घातली की कुत्रं बावरतं, भिंतीला धडकतं, मागे मागे सरत जातं. म्हणून आजपासून सवय कर. छोटी प्लॅस्टिकची बादली घे, तळ कापून टाक, कापलेल्या कडेला जुनं सुती कापड शिवून घे. पोरांनी बादलीतून हात घालून अंड्याचा तुकडा धरायचा. तांबी स्वतःहून डोकं आत घालेल. पहिल्या दिवशी एक क्षण, दुसऱ्या दिवशी चार घास, तिसऱ्या दिवशी बादली गळ्यात घालून अंगणात एक चक्कर. तसंच मुसक्याचं. बैलाला मुसकं घालतात ते तांबीनं रोज पाहिलंय, पण स्वतःच्या तोंडाला काही बांधलेलं तिला माहीत नाही. मऊ पट्टीचा सैल वेढा घालून लगेच सोडायचा आणि शाबासकी द्यायची. अनोळखी खोलीत, अनोळखी वासात, अनोळखी हातांनी तेच केलं तर जीव घाबरून जातो. घाबरलेल्या कुत्र्याला भूल द्यायलाही जड जातं. तोंडाबरोबरच तिचे पंजे, कान, पोट यांना रोज हात लावायची सवय कर. आणि घरातल्याच नाही, परक्या माणसालाही लावू दे.

पाचवी ओळ गाडीची. नामपूरहून सटाणा, देवळा, चांदवड करत नाशिक म्हणजे अडीच-तीन तास तरी धर. एसटीत तिला घेऊन बसण्याचा विचारसुद्धा करू नकोस. मार्केटला कांदा घेऊन येणाऱ्या कितीतरी पिकअप तुमच्या ओळखीच्या आहेत, पण उघड्या हौद्यात जाताना ठीक असली तरी येताना चालणार नाही. टाके घातलेल्या पोटाला गचके आणि पावसाचे शिंतोडे दोन्ही वाईट. कुणाची तरी बंद गाडी माग. डिझेल आपलं, हे आधीच सांग म्हणजे समोरच्यालाही मोकळं वाटतं. मागच्या सीटवर खाली प्लॅस्टिक, त्यावर गोणपाट, त्यावर जुनी गोधडी. गोधडी तिच्या रोजच्या वासाची घे, धुऊन नेऊ नकोस. बरोबर दोन माणसं हवीत. एकानं गाडी चालवायची आणि दुसऱ्यानं फक्त तिच्याकडे बघायचं. येताना तिला काखेत हात घालून उचलायचं नाही. गोधडीची झोळी करायची, दोघांनी चारही टोकं धरायची, पाठ सरळ राहिली पाहिजे. हे मंगळवारीच एकदा अंगणात करून बघा.

सहावी ओळ वाचून तुला नवल वाटेल. रक्तदात्याची. माणसासारखं कुत्र्यालाही रक्त लागू शकतं, आणि ते कुत्र्याचंच लागतं. जून २०२४ मध्ये मुंबईत सात महिन्यांचं एक पिल्लू गोचीड तापाच्या शंकेनं दवाखान्यात होतं आणि त्याचं रक्त जीव धोक्यात येईल इतकं कमी झालं होतं. तेव्हा रतन टाटांनी सगळ्या मुंबईकडे जाहीर मदत मागितली. रक्त देणारा कुत्रा हवा होता एक ते आठ वर्षांचा, २५ किलोच्या आसपास किंवा जास्त वजनाचा, लसी पूर्ण झालेला, मोठा आजार नसलेला, सहा महिन्यांत गोचिड्या-पिसवा न झालेला. एवढ्या मोठ्या माणसानं एका पिल्लासाठी रक्त मागितलं, आणि काही तासांत लोक आपापली कुत्री घेऊन पुढे आले. महालक्ष्मीचं त्यांचं लहान प्राण्यांचं रुग्णालय त्याच सुमारास सुरू होत होतं. आपल्या कुत्र्याच्या सांध्याच्या उपचारासाठी त्यांना अमेरिकेपर्यंत जावं लागलं होतं, आणि त्या अनुभवातून असं रुग्णालय इथे व्हावं हे त्यांच्या मनानं घेतलं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ते गेले, पण रुग्णालय उभं राहिलं. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयही एकोणिसाव्या शतकात असंच दानातून उभं राहिलंय. दिनशा पेटिटांनी पत्नीच्या नावानं मुक्या जनावरांसाठी दिलं. मुंबईत काय आहे ते तुला दाखवायचं म्हणून हे सांगत नाही. ज्यांच्याकडे सगळं होतं, त्यांनाही जनावरासाठी हात पसरायला लाज वाटली नाही, एवढं तुझ्या ध्यानात यावं. तेव्हा तुमच्या शिवारात कुणाकडे दांडगा, लसी झालेला, निरोगी कुत्रा आहे ते बघ. पलीकडच्या मळ्यातला तो काळा राखण्या चालेल कदाचित. त्याच्या मालकाला विचारून ठेव, आणि डॉक्टरांना सांगून ठेव. वेळ न येवो. पण आली तर तेव्हा नामपूरला फोन लावत बसायला नको.

सातवी ओळ पैशाची. इथे कुढू नकोस. दवाखान्यातून तपासण्या, भूल, ऑपरेशन, औषधं, गाठीची तपासणी, सगळ्याचा अंदाज आधी कागदावर मागून घे. मागायला संकोच करू नकोस, चांगले डॉक्टर देतात. भिशीच्या बायकांना विचार, या महिन्याचा नंबर तुला मिळतो का. ज्या बाईचा नंबर असेल तिला तू कारण सांगितलंस तर बहुतेक ती अदलाबदल करेल. फारच जड वाटलं तर जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं, तिथे काय होऊ शकतं तेही विचार. तुमच्या जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही आज जाऊन भेट. त्यांचा दिवस गाई-म्हशींत जात असला तरी परत आल्यावर ड्रेसिंग, इंजेक्शन, टाके बघणं, हे तेच करतील, आणि त्यासाठी प्रत्येक वेळी नाशिक गाठावं लागणार नाही. नाशिकच्या डॉक्टरांचा नंबर त्यांना दे, त्यांचा नाशिकला दे. दोघांचं एकदा बोलणं झालं की तुझं अर्धं ओझं उतरलं.

आता एक ताकीद. घरातली माणसांची दुखण्याची गोळी तिला कधीही, काहीही झालं तरी द्यायची नाही. पॅरासिटामॉल नाही, आयबुप्रोफेन नाही, डायक्लोफेनॅक नाही. कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड आणि यकृत जातं. ऑपरेशनच्या आधी अशी गोळी पोटात गेली असेल तर डॉक्टरांना न लपवता सांगायचं. रागावतील, रागावू दे. जखमेवर हळद, राख, कुंकू, तेल काही नाही. आंघोळ घालायची तर दोन दिवस आधी घाल, म्हणजे अंग कोरडं होईल, आणि गोचिड्या डॉक्टरांच्या औषधानंच काढ, मळ्यातलं फवारणीचं औषध तिच्या अंगाला लावू नकोस.

बुधवारी तिच्याजवळ शांत राहा. तुझ्या हाताला घाम सुटला तरी तिला कळतो. डॉक्टर परवानगी देतील तर गुंगी चढेपर्यंत तिच्या डोक्याशी थांब आणि मळ्यात हाक मारतेस त्याच आवाजात नाव घे. बाहेर आल्यावर ती कण्हेल, कधी रडल्यासारखी ओरडेल, डोळे उघडे असून ओळख दाखवणार नाही. औषधाच्या गुंगीतही असं होतं, दर वेळी ते दुखण्याचंच नसतं. तिला ऊब लागते, कारण भुलेनं अंग गार पडतं. पातळ पांघरूण घाल. वरचा ओठ उचलून हिरडी बघ, गुलाबी हवी. बोटानं दाबून सोडलीस की पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. पांढरीफटक राहिली, पोट फुगलं, पट्टीतून रक्त थांबेना, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, किंवा दिवस उलटला तरी लघवी झाली नाही, तर कुणाची झोपमोड होईल याचा विचार न करता डॉक्टरांना फोन लाव. पूर्ण शुद्धीवर येऊन मान धरेपर्यंत पाणीसुद्धा नको. नंतर घोट घोट, आणि रात्री मूठभर भात.

पुढचे दहा ते चौदा दिवस खरं काम आहे, आणि ते एकट्या माणसाचं नाही. टाके निघेपर्यंत धावणं नाही, ओट्यावरून उडी नाही, मळ्याची राखण नाही, आंघोळ नाही. पावसाचे दिवस आहेत, चाळीत सडका कांदा आहे, माश्या घोंघावतायत. ओल्या जखमेवर माशी बसली की किडे पडायला वेळ लागत नाही. तिला घरात, कोरड्या जागी, पंख्याखाली ठेव. पाळ्या लावा. पहाटेची औषधं तुझी, दुपारचं बसणं सासूबाईंचं, शाळेनंतर पोरांचं, रात्री दोरी धरून अंगणात फिरवणं जावईबापूंचं. रोज एकाच वेळी, एकाच जागी टाक्यांचा मोबाइलवर फोटो काढा. कालचा आणि आजचा शेजारी ठेवला की सूज वाढतेय की उतरतेय हे लगेच कळतं, आणि डॉक्टरांनाही नुसत्या फोटोवरून पुष्कळ सांगता येतं. ती हुशार दिसली म्हणून कॉलर काढायची नाही. औषध निम्म्यात सोडायचं नाही. माया दाखवायची ती याच जागी दाखवायची.

गाठीचा निकाल यायला काही दिवस लागतील. तो कसा येईल ते तुझ्या-माझ्या हातात नाही. वाईट आला, तरी मदत मागायची सवय तोवर तुला लागलेली असेल. तेव्हा ती आणखी जास्त कामाला येईल.

आता ते कालनिर्णयचं पान परत हातात घे. डॉक्टर, सासूबाई, गल्ली, पोरं, गाडी, रक्त, पैसा. सात ओळी झाल्या. खाली एक ओळ तू मोकळी ठेवली असशील, कारण ते काम कुणाचं ते तुला सुचलं नसेल. बुधवारची रात्र. ऑपरेशन झाल्यावर लगेच तीन तासांचा रस्ता नको, नाशिकला माझ्याकडेच राहायचं आहे. हॉलमधला दिवाण मी सरकवून ठेवलाय, पंख्याखाली जागा केलीय, मोतीची जुनी गोधडी उन्हात टाकलीय. तू थोडी झोप. हिरड्या बघायला, श्वास मोजायला मी बसेन, मला सवय आहे. त्या आठव्या ओळीपुढे माझं नाव लिही.